कानात कुर्र करायचा मान

माझी धाकटी बहीण कृष्णवेणी एग्मोरच्या एका दवाखान्यात लसी टोचते. एकवीस वर्षं टोचतेय. रस्त्यानं चाललं की अनोळखी बायका पोरं उचलून तिला दाखवतात, "बघा, केवढा झाला!" मी तिच्याहून सहा वर्षांनी थोरली, शाळेत कारकून. मला कोण दाखवतंय पोर? जळते मी तिच्यावर. सांगून टाकलं, आता पुढचं ऐका.

एक मान मात्र माझा होता. आमच्या तंजावरकडच्या घरात बारशाला थोरली आत्याच बाळाच्या कानाला तोंड लावून नाव सांगते, कुर्र करते. भावजय कीर्तनाला नऊ वर्षांनी दिवस गेले, तेही करोनाच्या दुसऱ्या वर्षी. तिनं नियम काढला: दोन डोस होऊन चौदा दिवस झालेत, त्यांनीच बाळाजवळ जायचं.

मी भडकले. "घरात ही कसली सक्ती? कृष्णवेणीनं दोन्ही घेतले, तरी तिला झालाच ना करोना?"

"झाला की," कृष्णवेणी म्हणाली. शांतपणे. तेच डोक्यात जातं. "लस घेतली की आपल्याला व्हायची आणि आपल्याकडून दुसऱ्याला जायची शक्यता कमी होते, अक्का. संपत नाही, आणि महिने जातात तसा जोरही ओसरतो. पण तान्ह्या बाळाला लसच नाही. आपण कमी आणायचं, एवढंच हातात आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती म्हणाली, म्हणून मी घेतली नाही. खरं कारण हेच.

मग सप्टेंबरात धडकी भरली, मान जाईल हातचा. एग्मोरला गेले असते तर तिच्याचपुढे दंड उघडा करावा लागला असता. म्हणून गुपचूप लांब तांबरमच्या लसीकरण शिबिरात टोचून आले. पण दुसऱ्या डोसाला चौऱ्याऐंशी दिवस थांबायचं होतं. बारसं आलं तेव्हा दुसरा डोस घेऊन चारच दिवस झाले होते. घरात सगळ्यांना ते सांगावंच लागलं.

"मग धाकट्या आत्या करतील कुर्र," कीर्तना म्हणाली. मला पाळण्यापासून लांब, खिडकीजवळची खुर्ची मिळाली. अंगाची नुसती लाही लाही झाली.

कृष्णवेणी नवी कांजीवरम नेसून आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. "सकाळपासून घसा जरासा खवखवतोय. मी आत येत नाही."

"अगं, तुझे दोन्ही डोस झालेत!" आमचा भाऊ गिरीधर म्हणाला.

"म्हणून काय झालं? दहा दिवसांनी करा बारसं. तोवर अक्काचे चौदा दिवस भरतील. मान तिचाच आहे."

अय्यो, काय हे नाटक! मला वाटलं, सगळ्यांदेखत मला भीक घालतेय. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, टेस्ट पॉझिटिव्ह होती.

दहा दिवसांनी मी पाळण्यावर वाकले. कानाच्या मऊ लवेला ओठ लागले. "सहाना," मी म्हटलं आणि कुर्र केलं. सगळे हसले. मी मात्र उंबऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी उंबऱ्यावर मी असते, मान माझा असता आणि घसा जरासाच खवखवत असता, तर मी आवंढा गिळून सरळ आत आले असते. कुणाला सांगितलंच नसतं.