वळूची वासरं बघायला

तात्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. व्हिडिओत एक खिलार वळू बैलगाडा शर्यतीत धुरळा उडवत पळत होता आणि मागे माणसं बेभान ओरडत होती.

"म्याडम, चिमणीला ह्यालाच दावायची. खोंड झाला तर शर्यत आपलीच."

मारुंजीत तात्यांच्या तीनमजली इमारतीच्या पार्किंगमध्ये, भाडेकरूंच्या बाइकशेजारी चिमणी बांधलेली असते. जमीन सोसायटीत गेली, गोठा गेला, जनावरांतली ही एकटी राहिली. तिची आई तिला जन्म देताना अडली आणि गेली. तात्यांच्या बायकोने, आक्कांनी, तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. माझी फार लाडकी कालवड. पण अंगाने बारीक, आणि हे पहिलंच वेत.

मी गुरांची डॉक्टर, मी नको म्हटलं. पहिलारू गाईच्या कमरेच्या हाडांतून वासरू सहज बाहेर यायला हवं. त्याचं जन्माचं वजन, खांद्यांची रुंदी यांत बापाचा वाटा मोठा. पण ते वळूकडे बघून कळत नाही. त्याची वासरं जन्मताना केवढी होती, ते विचारावं लागतं.

"म्हंजे वळूची पोरं बघत हिंडायचं?" तात्या हसले.

"लेकीचं जमवताना घरानं बघाया गावोगाव हिंडलात की," आक्का म्हणाल्या. "हितं निस्ता व्हिडिओ बघून देताय व्हय?"

रविवारी माझ्या गाडीतून तिघं निघालो. त्या वळूचं वासरू झालेल्या पहिल्याच घरी मालक कौतुकाने म्हणाला, "लई दांडगं वासरू. चौघांनी दोरी लावून वडलं, तवा कुटं आलं."

तात्यांचा चेहरा फुलला. एका वासरावरून काही ठरत नाही, म्हणून आणखी दोन घरी गेलो. तिथेही दोरी, तिथेही तोच अभिमान. आमच्याकडे वासरू ओढून काढावं लागलं, हे तक्रार म्हणून कुणी सांगतच नाही.

परतताना आक्का म्हणाल्या, "चिमणीच्या आयला बी चौघांनीच वडलं व्हतं. दोरी तुमीच धरली व्हती."

तो व्हिडिओ तात्यांनी मला परत दाखवला नाही.

शेवटी मुळशीकडच्या एका भातशेतीवाल्याचा वळू ठरला. शर्यतीत त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पण त्याच्या वासरांबद्दल गोठा झाडणाऱ्या बायकांना विचारलं, तर घरोघरी एकच उत्तर. "कवा व्याली कळलंच न्हाई. सकाळी बघतोय तर वासरू पीत व्हतं."

"वळू लईच सपक हाय," तात्या पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत.

नऊ महिन्यांनी चिमणीला कळा लागल्या तेव्हा सकाळ होती आणि मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. सगळे वाईट विचार डोक्यात येऊन गेले. पोचले ती दोरी हातात घेऊन पळतच आत गेले. भाडेकरूंनी बाइक रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या. मधोमध कालवड झाली होती, चारही पायांवर डुगडुगत उभी. आक्का तिला जुन्या लुगड्याने पुसत होत्या.

"करडाएवढीच हाय की वो," तात्या म्हणाले. पण त्यांचा हात चिमणीच्या पाठीवरून निघत नव्हता.

आक्कांनी माझ्या हाताकडे बघितलं. "ती दोरी गाडीत ठिवा आदी."

ठेवली. चिमणीची वार पडेपर्यंत थांबले, चहा घेतला. हात कोपरापर्यंत कोरडे होते. आमच्या धंद्यात याहून चांगली सकाळ नसते. चौघांनी ओढलेल्या वासराची गोष्ट गावभर होते. हिची कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगितली.