मुक्कामाची जागा

बाबामियाँ फर्राश तळ्याच्या काठावर गेले की पाण्याकडं बघायचेच नाहीत. ते आधी काठच्या बाभळी बघायचे. खोडाला काडीकचरा किती उंचीवर अडकलाय, त्यावरून पाणी कुठवर चढतं ते त्यांना कळायचं. मग मूठभर माती उडवून वारा बघायचे, गुरांची पाण्यावर जायची वाट हेरायचे आणि शेवटी सरळ जमिनीवर आडवे व्हायचे. थोड्या वेळानं पाठ झाडत उठून म्हणायचे, "बसवराजबाबू, हितं न्हाय. वीस पावलं वर."

बसवराज म्हणजे मी. धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत दौऱ्यावरचा कारकून होतो. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत साहेब खेड्यापाड्यांतून फिरायचे, आणि बाबामियाँ तंबूच्या बैलगाड्या घेऊन एक दिवस आधी पुढं निघायचे. निजामाच्या अमलापासून त्यांचं हेच फर्राशाचं, तंबू ठोकायचं काम. वाशीकडची तळी, येडशीचं रान, कुठं उतरावं आणि कुठं उतरू नये, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुक्कामावर तंबूत कधी पाणी शिरलं नाही, की साप निघाला नाही.

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं. आम्ही मुंबई राज्यात आलो आणि गुलबर्गा म्हैसुरात गेलं. कुठं नोकरी करायची ते लिहून द्या, असं कचेरीत सगळ्यांना सांगितलं गेलं. बाबामियाँच्या बायकोचं, कुलसुमबीचं, माहेर गुलबर्ग्याचं. तिची आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. कुलसुमबी तिची एकुलती एक. आईला इकडं आणायला दोघं जाऊन आली होती. पण म्हातारीनं, "तुझ्या अब्बांची कबर सोडून मी येत न्हाय," म्हणून भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. बाबामियाँनी गुलबर्गा लिहून दिलं. अर्ज मी लिहिला, त्यांनी खाली उर्दूत सही केली.

साहेब नुकतेच आलेले, माणूस वाईट नव्हता. अर्ज वाचून म्हणाले, "बाबामियाँ, एवढा हिवाळा काढून द्या. मग मी स्वतः तुम्हाला पाठवतो." अर्ज खणात गेला. शिमगा झाल्यावर बाबामियाँनी आठवण दिली, तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्या जागी कुणाला तरी तयार करा की." पाऊसकाळात दोघांना तयार केलं. पुन्हा दिवाळी आली. एकानं पहिल्याच मुक्कामाला तंबू गुरांच्या वाटेवर ठोकला, दुसरा थंडी बघून पळाला. अर्ज पाठवायची मुदत येत्या शिमग्याला संपणार होती.

नोकरी सोडावी, तर सव्वीस वर्षांची चाकरी पाण्यात. न सोडावी, तर घरात बघवत नव्हतं. अर्ज दिला त्याच आठवड्यात कुलसुमबीनं भांडीकुंडी पोत्यात बांधली होती, ती तशीच होती. वर्षभर दोन पातेल्यांवर संसार चालला होता. मी एकदा निरोप घेऊन गेलो, तर ती चुलीपुढून न उठता नवऱ्याला म्हणाली, "साऱ्या मुलखाला जागा दावता. मला माझ्या आईच्या उशाला हातभर जागा दावा की!"

बाबामियाँ उठले. टोपी घेऊन बाहेर पडले.

त्या हिवाळ्यात येडशीचा मुक्काम ठरला. रानाच्या कडेला एक लहानसं तळं होतं. मी दुपारी कागदपत्रं घेऊन पोचलो, तर तंबू खालच्या खोलगटात उभे. पायाखाली काळी ओली माती, भोवती लव्हाळं, वर डासांचे थवे. दिवसाही तिथं गारवा चावत होता.

"बाबामियाँ, हितं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, बाबू."

"साहेब दोन दिवसांत आजारी पडतील."

"पडू द्यात थोडं," ते हळूच म्हणाले. "म्हणतील, बुढ्ढ्याची नजर गेली. गेली म्हंजे सोडतील." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मेख आधीच घट्ट बसली होती, तरी तिच्यावर आणखी दोन घाव घातले.

चारच्या सुमाराला जीप आली. साहेबांच्या मागून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. त्या त्यांच्या आई, लक्ष्मीबाई. त्या येणार हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना दमा होता. खोलगटात चार पावलं उतरल्या आणि खोकल्यानं वाकल्या. खुर्चीवर बसून श्वास जमवत त्यांनी विचारलं, "बाबामियाँ तुम्हीच का? माझा मुलगा पत्रात लिहितो, तुम्ही निवडलेल्या जागी गाढ झोप लागते. मला घरी झोप नाही हो. म्हणून हट्टानं आले."

बाबामियाँ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग वळले आणि मघाशी ठोकलेल्या मेखा उपटायला लागले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मुंग्या निघाल्या, साहेब. लाल. ही जागा न्हाय चालायची."

दिवस बुडायच्या आत त्यांनी आणि गाडीवानांनी सगळा मुक्काम वरच्या उतारावर धावड्याच्या झाडांत नेला. तिथं जमीन कोरडी होती. साहेबांच्या आईचा तंबू त्यांनी एकट्यानं उभा केला, कुणाला हात लावू दिला नाही. त्यांचे तळवे सोलले होते.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई ऊन वर आल्यावर उठल्या. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती, म्हणाल्या. साहेबांना आनंद मावेना. चहा घेता घेता त्यांनी मला बोलावून टिपण सांगितलं: या कर्मचाऱ्यावाचून दौऱ्याचं काम अडेल, सबब त्यास सोडता येत नाही. सोबत शाबासकीचा शेरा. मला मधेच थांबून खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगितलं असतं तर बाबामियाँची नोकरीच गेली असती, आणि मी कागदावरची मानही वर केली नाही. मुदत संपली.

कुलसुमबी एकटी गेली. येडशीच्या स्टेशनावर अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बाबामियाँनी तिची दोन पोती चढवून दिली. तिची आई आणखी पाच वर्षं जगली. वर्षातून दोनदा रजा मिळायची, तेव्हा ते कुर्डुवाडीला गाडी बदलून जाऊन यायचे. बाकी वर्ष हातानं भाकरी थापायचे आणि हिवाळाभर इतरांसाठी जागा बघत हिंडायचे. म्हातारी गेल्याची तार आली, तेव्हा आम्ही रानात होतो. तार आमच्या हाती पडली चौथ्या दिवशी.

कुलसुमबी परत आली, तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. तिनं कधी बोल लावला नाही. दोघं बोलायची, हसायचीही. पण आपण सहा महिने एकत्र राहिलो की कुणीतरी उठवून नेईल, अशा बेतानं ती घरात वावरायची. भिंतीला खुंटीसुद्धा नवी ठोकू द्यायची नाही.

पासष्ट साली बाबामियाँ निवृत्त झाले. निरोपाचा हार गळ्यात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले, तेव्हा इतकी वर्षं अडकलेलं मी बोलून टाकलं. "बाबामियाँ, तुम्हाला अडकवलं ते टिपण माझ्या हातचं होतं."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मला मराठी वाचता येत न्हाय, पण तुमचं अक्षर वळखू येतं. साहेबानं मला कागद दावला व्हता, खुशीनं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांनी हार काढून माझ्या टेबलावर ठेवला. "बोलून काय? साहेबाचा हुकूम मोडून तुमी तरी कुठं जाणार व्हता, बाबू?"

कुलसुमबी बाहेर कट्ट्यावर थांबली होती. तिच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, आणि दोघं बाजाराच्या वाटेनं घरी गेली.