भुकेला जावई, रुसलेला जावई

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि व्यसनसुद्धा मी शिकल्यासवरल्या माणसाला शोभेल असंच धरलं होतं. वडील तळहातावर तंबाखू मळतात, चुलते बिडी ओढतात. मी पुण्यात नोकरीला असताना वेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, ओढायला लागलो. बंदी असली तरी मिळतं. दिसायला पेनासारखं, चार्जिंगला लावायचं, आणि धुराला आंब्याचा वास. पुढं वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या आडतीवर हिशोबाला लागलो, तेव्हाही ते खिशात होतंच. वडील म्हणायचे, लाईट गेली की तुही तलफ बी जात आसंल, बरं हाय. माझं व्यसन त्यांच्यापेक्षा सुधारलेलं आहे, हे त्यांना मी कधीच पटवू शकलो नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बायकोला घरात आंब्याचा वास आला. थंडीच्या दिवसांत आंबा कुठून आला, एवढंच तिनं विचारलं. ती भांडली नाही. शिवणयंत्रावर गिऱ्हाईकाचं ब्लाऊज शिवता शिवता म्हणाली, घरात लेकरू यायच्या आधी ही नळी घराबाहेर गेली पाहिजे, नंतर नाही. मी सोडलं. सांगायला अभिमान वाटतो, एका झटक्यात सोडलं. चिडचिड झाली, झोप उडाली, पण ते सगळं मी मोबाईलवर आधीच वाचून ठेवलं होतं. भुकेची मात्र एवढी तयारी नव्हती.

आधी नाक परत आलं. शेजारच्या घरी कशाला फोडणी बसली ते मला आमच्या बैठकीतून कळायला लागलं. मग जीभ परत आली. ज्वारीची भाकरी गोड असते, हे मला तिशीजवळ येऊन समजलं. आणि हात तर मोकळाच होता, तो सारखा तोंडाकडे जायचा. नळी नाही तर शेंगदाणे, शेंगदाणे नाहीत तर गूळ, गूळ संपला तर कालचं थालीपीठ. आई खूश होती. तिच्या मते पोरगं एवढ्या वर्षांनी अंगात भरलं, ते सुनेच्या हातानं. सुनेनं हे फोनवर आपल्या आईला सांगितलं. त्यामुळं औंढ्याकडच्या माझ्या सासुरवाडीतही माझ्या पोटाचं श्रेय वाटून घेतलं गेलं. धुराचं नाव तिथं कुणी काढलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला नीट समजावलं होतं. निकोटीन भूक दाबून ठेवतं, ते गेलं की भूक वर येते. थोडं वजन वाढतं, पुढं वाढायचं कमी होतं. फुटाणे खा, काकडी खा, पाणी प्या, जेवल्यावर चाला. पण आत्ता उपाशी राहू नका, पोट रिकामं असलं की तलफ जोर करते. मी मान हलवली. पदवीधर माणसाची अडचण अशी, की त्याला सल्ला पटला तरी त्यात थोडी सुधारणा करावीशी वाटते.

सुधारणा करायला मला भाग पाडलं ते हमालांनी. हळदीचा हंगाम होता. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. आकडा सांगत नाही. पोत्याच्या वजनातून बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करतात, तशी त्यांच्यात गंभीर चर्चा सुरू झाली, की हिशोबवाल्या भाऊंचा बारदाना किती धरायचा. मी हसलो. घरी आल्यावर मात्र मला हसू आलं नाही. बायको त्याच दिवशी माझी दुसरी पँट उसवून मोठी करत बसली होती.

त्या आठवड्यात पुण्याच्या एका मित्राचा फोन आला. त्याचं म्हणणं, चार दिवस ओढ, भूक मरते, वजन उतरलं की परत सोड. मला ते शास्त्रीय वाटलं. मी बायकोला अर्धं थट्टेत, अर्धं तिचा अंदाज घेत सांगून टाकलं. तिनं यंत्र थांबवलं.

"पोट वाढलं तर मी पँटी उसवून देईन," ती म्हणाली. "छाती मला उसवून शिवता येत न्हाई."

मग ठरवलं, वेपही ओढायचं नाही आणि जेवायचंही नाही. डॉक्टरबाईंच्या सल्ल्याचा हा माझा सुधारलेला मसुदा. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी बायकोवर राग. आणि तलफ अशी चढायची, की आडतीवर कुणाच्या खिशात पेन दिसलं तरी हात शिवशिवायचा.

नेमका त्यातच धोंड्याचा महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलावतात, हे काय नव्यानं सांगायचं? पण लग्नानंतरचा पहिला अधिक असला की सासुरवाडी कशी पेटते, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, शेजारी अनारसे, कटाची आमटी, कुरडया. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटेपासून चुलीपुढं होत्या. वास अंगणाच्या फाटकापर्यंत येत होता आणि माझं नाक तर आता शिकारी कुत्र्याचं झालं होतं. मी मन घट्ट केलं. एक धोंडा खाल्ला, तोही निम्माच. आमटीचे दोन घोट घेतले आणि ताट पुढं सरकवलं.

मामींचा तुपाचा चमचा वरच राहिला.

मी म्हणालो, पोट भरलं. चुलतसासूबाईंनी विचारलं, काय कमी पडलं का? मी म्हणालो, काहीच नाही. आता 'काहीच नाही' हे जावयानं ताट सरकवून, खाली मान घालून म्हटलं, तर आमच्या भागात त्याचा अर्थ एकच होतो. पाव्हणे रुसले. रुसलेल्या जावयाला काहीतरी पाहिजे असतं आणि ते त्यानं स्वतः सांगायचं नसतं, समोरच्यांनी ओळखायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण रुसणारे जावई म्हणजे दुसरे, अडाणी, असं मी धरून चाललो होतो. मी लग्नात एक पैसा, एक वस्तू मागितली नव्हती, आणि मागितली नाही हे चार ठिकाणी ऐकवलंही होतं. त्यामुळं आत स्वयंपाकघरात कुजबुज चालली ती अशी, की बघा, आत्ता आलं पोटातलं ओठावर.

मामा, म्हणजे सासरे, उठून बाहेर गेले. मला वाटलं, हात धुवायला गेले असतील. ते परत आले आणि माझ्या ताटाशेजारी, वाणाच्या अनारशांवर, त्यांनी मोटारसायकलची चावी ठेवली.

"जुनी हाय पाव्हणं," ते म्हणाले. "पन कागदं बराबर हायेत. टायर बी मागच्याच साली टाकलेत."

त्या गाडीवर ते रोज कालव्याकडच्या शेतात जातात, दूध घालतात, औंढ्याला दवाखान्यात जातात. वाणिज्य शाखेत पहिल्या वर्गात पास झालेल्या माणसाचा हिशोब दोन्हीकडून तोट्यात जायला लागला. गाडी नको म्हणावं, तर याला याहून मोठं काही पाहिजे असं वाटणार. खरं सांगावं, तर जावई कसला धूर ओढत होता ते घरभर होणार. आणि आतून तलफ अशी उसळली, की त्या घडीला कुणी आंब्याच्या वासाची नळी पुढं केली असती, तर मी चावीऐवजी तीच उचलली असती.

बायको दारात आली. हाताला पीठ तसंच.

"बाबा, चावी उचला," ती म्हणाली. "त्याहिला गाडी न्हाई पाहिजे. त्याहिनं वढायचं सोडलंय. म्हनून भूक लागून राहिली, आन पोट वाढलं म्हनून लाजंनं खाईनात."

मामांनी चावी उचलली. जरा घाईनंच उचलली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मामींचा राग मात्र लेकीवर निघाला. माणसानं व्यसन सोडलं तर त्याला दोन घास जास्त घालायचे का त्याचे घास मोजायचे, ही काय रीत झाली? लेक सांगत राहिली, की मी कुठं मोजले. चुलतसासूबाईंनी माझं ताट परत माझ्यापुढं ओढलं. मी जेवलो. किती ते विचारू नका. भूक भागल्यावर तलफही खाली बसली. डॉक्टरबाईंचं हेच म्हणणं होतं, ते मला पुरणाचं जेवण होईपर्यंत पटलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर मामा म्हणाले, चला, भुईमुगाला पाणी सोडलंय, बघून येऊ. मी सवयीनं गाडीकडं वळलो, तर ते पायीच निघाले. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी कालव्यातून सळसळत होतं. आम्ही कडेकडेनं चाललो. मला दम लागायला लागला तसे ते हळू झाले, पण थांबले नाहीत.

"खरंच सोडलं ना?" त्यांनी पुढं बघतच विचारलं.

"सोडलं मामा."

"पुन्ना धराल का?"

मला मित्राचा फोन, काकडी, ती चावी दिसल्यावर उसळलेली तलफ, सगळं आठवलं. म्हणालो, उपाशी राहिलो तर धरीन बहुतेक.

"मंग उपाशी राहू नका," ते म्हणाले. "चालत जा."

डॉक्टरबाईंची फी नव्हती, यांचीही नव्हती. फरक एवढाच, की सल्ला पाळला का ते मामा रोज तपासतात. वजनाचं म्हणाल तर ते वाढायचं थांबलंय. थोडं उतरलं, थोडं राहिलंय, आणि राहिलेलं लवकर हलेल असं दिसत नाही. पण रोज संध्याकाळी बायकोच्या फोनवर सासुरवाडीचा फोन येतो. मामी विचारतात, पाव्हणे जेवले का? तेवढ्यात मागून मामांचा आवाज येतो, चालले का ते आधी विचार. मग त्या दोघांचं आपसांत जुंपतं. बायको फोन स्पीकरवर टाकून चपला घालते, आणि मीही घालतो.