दिल्या घरची किडनी

माझ्या सासूबाई, हडपसरच्या मथुराबाई, यांनी आपली एक किडनी आमच्या मुलीला, राजनंदिनीला दिली, आणि तेव्हापासून त्या त्या किडनीला सासरी पाठवलेली लेक समजतात. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पोर तिकडं रुळली का?" डॉक्टरांना वाटलं, नातीबद्दल विचारतायत. दर पंचमीला त्या बिबवेवाडीला आमच्याकडे येतात, राजनंदिनीच्या फ्रॉकवरूनच किडनीची खणानारळानं ओटी भरतात आणि मला दम देतात, "जावईबापू, तिला जाच होता कामा नये." एकाच बाईचा जावई आणि व्याही असलेला माणूस पुण्यात मी एकटाच असेन.

जाचाची भीती मात्र खरी होती. राजनंदिनीच्या स्वतःच्या किडन्या लघवी उलटी वर चढून चढूनच निकामी झाल्या होत्या, आणि नवीलाही तोच धोका होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की तुंबवून ठेवायचं नाही. दर दोन-तीन तासांनी जायचं, आणि जाऊन आल्यावर पाच मिनिटं थांबून पुन्हा जायचं, म्हणजे आत काही उरत नाही. यात अवघड काय? अवघड आमचं घराणं. आमच्यात मुलीचं कौतुक एकाच गोष्टीचं: "गुणाची पोर, अख्ख्या प्रवासात एकदा गाडी थांबवा म्हणाली नाही!" सासूबाई नवी नवरी होत्या तेव्हा पहाटे एकदा शेतात बसायला जायच्या, ते पुन्हा अंधार पडल्यावरच. राजनंदिनीही गुणाचीच निघाली. शाळेत बाईंना विचारायचं तिच्या जिवावर येतं. शेवटी ताप भरला, इस्पितळात राहावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर हीसुद्धा किडनी जाईल. तिनं स्वतः तोंड उघडून मागायला शिकलं पाहिजे." त्या दिवशी मी फार घाबरलो.

परवाच्या रविवारी सासूबाईंना घेऊन खडकवासल्याहून येताना आमची गाडी गर्दीत अडकली. राजनंदिनी एकदम गप्प झाली आणि पाय हलवायला लागली.

"लागलीय का गं?" माझ्या बायकोनं, तनुजानं, विचारलं.

"नाही."

साफ खोटं. सासूबाईंनी दार उघडलं, नातीला खाली ओढलं आणि समोरच्या बंगल्याची बेल दाबली. गाडी तनुजाच्या हवाली करून मी मागे धावलो.

दारात एक वयस्कर काका आले. "आपण?"

"मुलीकडची," सासूबाई म्हणाल्या. "माझी लेक हिच्या पोटात हाय. तिच्यासाठी बाथरूम पायजे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं किडनीची हकिकत सांगितली. "मग सरळ तसं सांगायचं," ते म्हणाले आणि आत बोट दाखवलं.

राजनंदिनी जाऊन आली. काका दार उघडं धरून उभे राहिले. आम्ही हललो नाही.

"झालं ना?"

"एकदा झालं," मी म्हणालो. "अजून एकदा जायचंय."

"आणि मधल्या वेळात?"

"बसतो."

"बसा. आमच्याकडे लोक या कामासाठी बसत नाहीत, पण बसा."

सासूबाई सोफ्यावर टेकल्या. "तुमची लेक कुठं दिली?"

"कॅनडात."

"आमची हितंच, बिबवेवाडीला. फोन करती का तुमची?"

"रविवारी करते."

"आमची न्हाई करत. ताप आला की मगच कळतंय."

काकांनी पंखा वाढवला.

राजनंदिनी दुसऱ्यांदा जाऊन आली आणि आम्ही निघालो. उठताना सासूबाई जराशा वाकल्या, सोफ्याचा हात धरून थांबल्या. त्याचा अर्थ फक्त राजनंदिनीला कळला.

"आजी, तुला लागलीय. सकाळपासून तू गेलीच नाहीस."

"गप. घरी गेल्यावर बघू. परक्याच्या घरात मी जाऊ व्हय?"

राजनंदिनीनं एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कान लालबुंद झाले होते तिचे. मग ती काकांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, माझ्या आजीला बाथरूमला जायचंय. तिच्याकडे एकच किडनी उरलीय."

काकांनी बाथरूमचा दिवा लावला. सासूबाई नातीकडे बघत राहिल्या, मग डोक्यावर पदर घेतला आणि निमूट आत गेल्या.