रंगाखालची रेष

डोंगरातल्या एका आर्मी वर्कशॉपला पोस्टिंग झालं तेव्हा मी नाईक होतो. ट्रेड वेल्डर. रोजचं काम गाड्यांचं. त्याशिवाय युनिटच्या सायकल टीमच्या फ्रेम माझ्याकडे असत. पोलादी पाइप कापायचे, टोकं कानशीने घासून एकमेकांत बसवायची, पितळ वितळवून सांधे भरायचे. एका फ्रेमला चार दिवस लागत. गाड्यांना मी कधी जीव लावला नाही. या फ्रेमना लावला.

रंगकामाचा आमचा एक नियम होता. जुना रंग पूर्ण उतरवायचा. सांध्यांना घासलेट लावून पुसायचं, वर खडूची पूड भुरभुरायची आणि तासभर थांबायचं. चीर असली तर आत शिरलेलं घासलेट पाझरतं आणि खडूवर काळपट रेष उमटते. तेवढं झाल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही.

टीममधला सगळ्यात वेगवान गडी शिपाई दिलीप पाटील. आमच्याच खानदेशातला, चाळीसगावकडचा. माझ्याशी अहिराणीत बोलायचा. उतारावर ब्रेक दाबणं त्याला कमीपणाचं वाटे. मी त्याला त्यावरून शिव्या घालायचो आणि फ्रेम मात्र त्याचीच सगळ्यात हलकी बनवायचो.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी १४०० वाजता सुभेदारसाहेब वर्कशॉपमध्ये आले. दिलीपची फ्रेम स्टँडवर होती.

"कितना टाइम?"

"कल शाम तक, साब. पुराना रंग उतारना है."

"ऊपर से मार दो. सुबह जनरलसाब देखेंगे."

हँडलखालच्या सांध्यापाशी केसाएवढी रेष मला दिसली होती. रंगाला तडा गेला असेल, पाइपाला नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. तोंडाने म्हणालो, "जी साब." १६३० ला फ्रेम चकाचक झाली.

सकाळी इन्स्पेक्शन झालं. शाबासकी मिळाली. जनरलसाहेबांना सराव दाखवायला टीम घाटात उतरली. ०८४० ला रेडिओ सेट बोलला.

"कंट्रोल, राइडर डाउन. किलोमीटर चार. ओव्हर."

"हालत बताओ. ओव्हर."

"फ्रेम टूटा है. राइडर बेहोश. ओव्हर."

०९२५ ला डॉक्टरांनी दिलीप गेल्याचं सांगितलं. सांधा त्या रेषेवरच तुटला होता. ते दोन तुकडे हातात घेऊन मी सगळ्या वर्कशॉपसमोर रडलो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या दाराशी सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "बोलना, दिखा नहीं था." आत जाऊन मी सांगितलं, "दिखा था." माझ्या बाहीवरची एक फीत उतरली. उतरली तर उतरली.

सुट्टीत मी दिलीपच्या वडिलांकडे गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता. चौकशीतली हकीकत त्याच्या कानावर गेली होती.

"तुले दिसनं व्हतं?"

"दिसनं व्हतं, बाबा."

"मंग रंग काबरं मारा?"

साहेबांचा हुकूम होता, हे उत्तर ओठांपर्यंत आलं. ते गिळलं आणि चूक स्वतःवर घेत म्हणालो, "मनी चूक." ते उठून आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

आज सुरतेत पर्वत पाटिया भागात माझं दुकान आहे. माणसाचं माप घेऊन फ्रेम बनवतो, जुन्या दुरुस्त करतो, रंगवतो. गेल्या महिन्यात कापडाचे एक व्यापारी त्यांची हातबनावटीची फ्रेम घेऊन आले. शुक्रवार होता; रविवारी त्यांना मित्रांबरोबर लांबच्या राइडला जायचं होतं.

"काका, उपर उपरथी कलर मारी आपो ने."

"नहीं होगा, शेठ. पूरा उतारूँगा. बुधवार को आना."

"ये आर्मी नहीं है, काका."

"आर्मी में हाँ बोला था, शेठ."

त्यांना काही समजलं नाही. मीही समजावत बसलो नाही. जमत नसेल तर फ्रेम उचला म्हटलं. कुरकुरत ठेवून गेले.

बुधवारी ते आले तेव्हा फ्रेम नुसत्या पोलादाची उभी होती. त्यांच्यासमोरच घासलेट लावलं, पुसलं, खडू टाकला आणि तास मोजला. खडू पांढराच राहिला.

"देखा? कुछ नहीं निकला. मेरा रविवार गया."

"गया," मी म्हणालो. "अगली बार भी जाएगा."

"किसने सिखाया ये सब?"

"शिपाई दिलीप पाटील ने. चोवीस साल का था. उसकी फ्रेम पर मैंने ऊपर से रंग मारा था."

शेठ स्टूल ओढून बसले. रविवारचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.