कोटाचा उंदीर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझा पगार, पासवर्ड, घोरणं, सगळं ठाऊक आहे.

आमच्या ओंटारिओतल्या कॉलेजचा मॅस्कॉट उंदीर आहे. शेजारच्या गावातल्या कॉलेजचा बोका. लोक हसतात — आइस हॉकीच्या संघाला उंदीर कशाला? बोका नंतर आला, आमच्या उंदराला चिडवायला. पण उंदीर? तो आला गणपतीतून.

दोन हजार पाच साली आम्ही चार मराठी पोरं एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. वर घरमालकीण, रिबेकामावशी — अलिबागकडची, ज्यू, आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलणारी. आमच्या आराशीसाठी तिने नवऱ्याचा करडा हिवाळी कोट उसवला आणि उंदराचा भलामोठा मुखवटा शिवला. आरतीला एकाने तो घालून नाचायचं. तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. "बाप्पा तुमचा," म्हणाली, "उंदीर माझा."

विसर्जन झालं. पण कोट पाण्यात कसा सोडायचा? मुखवटा राहिला. पुढे एका हॉकी मॅचला, कान गारठू नयेत म्हणून, मी तो घालून गेलो आणि नेमकं त्याच दिवशी आम्ही शेजाऱ्यांना हरवलं. मग काय — पुढच्या मॅचला सगळे उंदीर कुठाय म्हणून विचारायला लागले.

कॉलेजच्या पेपरची एक मुलगी आली. कुणी बनवला? मी — आता सांगतोच — मी म्हटलं, "आय मेड इट." फोटो छापून आला, खाली माझं नाव. मला ते किती आवडलं, काय सांगू?

मावशीने कात्रण फ्रिजवर लावलं. आता बोलेल, मग बोलेल — मी वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "डावा कान लोंबतोय रे. आण, टाका घालते." मी नेऊन दिला. पुढची तीन वर्षं नेऊन देत राहिलो.

आता तो उंदीर रिंकवर काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी, पाटीवर माझं नाव. माझं छान चाललंय, झोपही शांत लागते — तेही कबूल करायला हवं. मावशी टोरोंटोला बहिणीकडे असते. रविवारी मी फोन करतो, आणि ती दर वेळी विचारते, "उंदीर बरा आहे ना? कोटाला कसर नाही ना लागली?"

"नाही मावशी, काचेत आहे," मी म्हणतो. पाटीचं सांगत नाही.