उज्ज्वलाताई आणि प्रथमोपचार पेटी

उज्ज्वलाताई पेंढरकर यांची आणि माझी ओळख एका शेऱ्यामुळे झाली. पुण्याहून येऊन नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेलच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नुकताच रुजू झालो होतो. माहितीपुस्तिका लिहिणे हे माझे काम, आणि ताई टेस्टिंग विभागाच्या प्रमुख. माझ्या पहिल्याच पुस्तिकेवर त्यांनी लिहिले, ‘बटण दाबल्यावर काय होतं ते छान सांगितलंत. चुकीचं बटण दाबणाऱ्याचं काय?’ दुपारी त्या स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या. “रागावलात ना? चला, कॉफी पाजते. माणसं चुकतातच हो, आपण त्यांच्यासाठीच लिहायचं.”

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या कामगिरीविषयी इतर सहकारी लिहितीलच. मी एकच हकीगत सांगतो, तीही श्रीरामच्या परवानगीने.

श्रीराम आमचा प्रोग्रॅमर. त्या दिवसांत कंबरदुखीने बेजार होता. माझ्याकडे ऑपरेशननंतरच्या, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या उरल्या होत्या. इथले डॉक्टर पॅरासिटामॉलच्या पुढे सहसा जात नाहीत, म्हणून आपण मराठी मंडळी अशा गोळ्या जपून ठेवतो आणि चहा विचारावा तशा एकमेकांना विचारतो. मीही विचारले. “स्ट्राँग आहे, एकीत काम होईल.” त्याने दोन घेतल्या. त्याच्या पाठीवर तसल्याच औषधाची पट्टी आधीपासून होती. ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

जेवणानंतर तो खुर्चीतच झोपला. “वरणभात अंगावर आला वाटतं!” कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. ताई मात्र त्याच्या छातीकडे पाहत राहिल्या. श्वास फार सावकाश चालला होता, ओठ निळसर दिसत होते. ऑफिसच्या आपत्कालीन मदत पथकात ताई पहिल्यापासून आहेत. त्यांनी एकशे बारावर फोन लावायला सांगितला, श्रीरामला जमिनीवर निजवले आणि तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली. मध्येच मान वर करून विचारले, “यानं काय घेतलंय?”

मी त्यांच्याजवळ वाकलो. माझ्या गोळ्यांचे त्यांच्या कानात सांगितले.

“पाकीट आणा. पळा!” एवढेच त्या म्हणाल्या.

अँब्युलन्सच्या माणसांनी श्रीरामच्या नाकात नॅलोक्सोनचा स्प्रे मारला. अशा गोळ्यांनी थांबत चाललेला श्वास हे औषध परत आणते. काही मिनिटांत श्रीरामने डोळे उघडले आणि विचारले, “मीटिंग संपली?”

पुढच्या आठवड्यात सुरक्षा समितीची बैठक झाली. प्रमुख योहान यांना आधी गोळ्या देणाऱ्याचे नाव हवे होते. माझा इथे राहण्याचा परवाना या नोकरीवर अवलंबून होता आणि मुलीची शाळा नुकतीच सुरू झाली होती. मी बोलायला उठणार, इतक्यात ताई म्हणाल्या, “आज नाव शोधलंत, तर पुढच्या वेळी काय घेतलं ते कोणी सांगणार नाही. त्यापेक्षा मला हे सांगा, तो स्प्रे आपल्या पेटीत का नव्हता?”

“नशा करणाऱ्यांचं औषध ते,” योहान म्हणाले. आमचे एक मराठी सहकारीही कुजबुजले, “ताई, लोक काय म्हणतील आपल्याला?”

“बरं, ज्यांच्या घरी ऑपरेशननंतरच्या गोळ्या उरल्यात, त्यांनी हात वर करा.”

निम्मे हात वर गेले. त्यांत योहान यांचाही होता.

तरीही काम लांबले. स्प्रेला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, म्हणून कंपनीच्या डॉक्टरांसोबत कायद्यात बसणारी वाट शोधावी लागली. ताई दर सोमवारी, न चिडता, योहान यांच्या दारात उभ्या राहायच्या. “आज शोधलीत का हो वाट?” अखेर नियम झाला: कंपनीच्या प्रत्येक ऑफिसातील प्रथमोपचार पेटीत हा स्प्रे असलाच पाहिजे. एनस्खेडेपासून हार्लेमपर्यंत देशभरच्या ऑफिसांत ताईंनी स्वतः जाऊन पथके तयार केली. त्या बजावतात, “नाकातलाच स्प्रे आहे, घाबरू नका. पण आधी एकशे बारा! स्प्रेचा असर उतरला की श्वास परत मंदावू शकतो.”

पहिला स्प्रे पेटीत ठेवला त्या दिवशी मी योहान यांना माझे नाव सांगितले. ते म्हणाले, “अंदाज होता. पण उज्ज्वलापुढे बोलणार कोण?” ताईंनी मात्र आजवर तो विषय माझ्याजवळ एकदाही काढलेला नाही. दर दिवाळीला श्रीरामच्या घरी जाताना त्या मला मुद्दाम सोबत नेतात, इतकेच.

ताई, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो. ते स्प्रे न वापरताच मुदत संपून परत जावेत आणि त्यांच्या जागी नवे ठेवायला तुम्हीच यावे, अशी पुष्कळ वर्षे तुम्हाला मिळोत.